तोडीला रविवार नसतो

नाना, तुम्ही गेलात त्याचं वाईट सगळ्या वस्तीला वाटलं, पण खोटं कशाला सांगू? दहाव्याला ओढ्यावरून परतताना बायकांच्या तोंडी एकच विषय होता. आता लेकरांच्या भाकरी कोण थापणार? "पुरुषाच्या हातची भाकर, पन पापुद्रा काय सुटायचा, माय," असं एकीनं म्हटलं, तर दुसरी लगेच म्हणाली, "आता म्हनायला काय जातंय? पयल्या वर्साची भाकर कुत्र्यानं बी हुंगून सोडल्ती." आणि डोळे पुसता पुसता सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. तुम्ही असता तर तुम्हीच सगळ्यात मोठ्यानं हसला असता आणि वर म्हणाला असता, "कुत्रं लाडावल्यालं हुतं."

आमच्या पाथर्डीकडच्या वस्तीला हा भाकरीचा प्रश्न थट्टेचा नाही. दिवाळी उरकली की ट्रक येतो आणि हातीपायी धड असलेलं एकेक जोडपं कोपरगावकडच्या उसात तोडीला जातं. परततं ते होळीच्या आगंमागं. मागं राहतात थकलेली माणसं, शेळ्या, आणि तुम्ही थांबायला लागल्यापासून शाळेची पोरं. नात्यानं तुम्ही माझे सख्खे चुलते, पण त्या महिन्यांत तुम्ही सगळ्या वस्तीच्या लेकरांची आई होतात. हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही उलथणं फेकून मारलं असतं, म्हणून आता म्हणते.

तुम्ही थांबलात ते काही शिक्षणाच्या प्रेमानं नव्हे. मी दुसरीत होते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तुमचा पाय घसरला आणि उजवा खांदा कामातून गेला. हात खांद्याच्या वर जाईना. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता आणि जायबंदी माणूस म्हणजे नुसतं ओझं. पुढच्या हंगामाला मुकादमानं शेवंताकाकूची जोडी तिच्या भावाशी लावली. लोकांना वाटलं, आता तुम्ही पारावर बसून बिड्या ओढणार. तुम्ही ट्रक यायच्या आधी दारोदार फिरलात आणि म्हणालात, "मी बसून खानार न्हाई. शाळेची लेकरं माझ्याकडं ठिवा. बाजरी तुमची, भाकर माझी."

माझ्या वडिलांनी विचारलं, "अरं, तुला भाकर येती का थापायला?"

"ऊस तोडायला काय आईच्या पोटातनं शिकून आल्तो व्हय?" तुम्ही म्हणालात.

बायको कोयत्यावर आणि नवरा चुलीवर, म्हणून लोकांनी तुम्हाला काय कमी चिडवलं? तुम्ही मनावर घेतलं नाही. हसतील त्यांचे दात दिसतील, एवढंच म्हणायचात. आम्ही पोरं मात्र भीत होतो, कारण तुमची पहिली भाकरी एका बाजूनं काळी आणि दुसऱ्या बाजूनं ओली होती. शेवटी शेजारची सुनीता पुढं झाली. माझ्याच वर्गातली, माझ्याहून हुशार. तिनं तुम्हाला परातीपुढं बसवून गरम पाण्यात पीठ कसं मळायचं ते दाखवलं. "नाना, मारामारी करू नका त्याच्याशी, हाताच्या बुडानं मळा," ती तिच्या आईच्या आवाजात म्हणाली. मोडक्या खांद्याचा माणूस आणि आठ वर्षांची मास्तरीण! पण महिन्याभरात तुमच्या भाकरीला पापुद्रा सुटला. मग तुम्ही जी ऐट केलीत, ती शेवटपर्यंत.

आणि त्याच वर्षीच्या पहिल्याच आठवड्यातली ती गोष्ट. ती आठवली की मी अजून धावत्या बसमध्ये एकटी हसते आणि उतारूंना वाटतं, कंडक्टरबाई बिघडल्या.

तुम्ही आम्हाला पहाटे उठवायचात. उसाच्या फडात सवय लागलेली, तुमच्या अंगाला दुसरी वेळ ठाऊकच नव्हती. त्या दिवशीही उठवलंत, भाकरी-कोरड्यास खाऊ घातलं, दप्तरं गळ्यात अडकवली आणि शाळेला पिटाळलंत. आम्हाला ठाऊक होतं आज काय आहे ते. पण तुम्हाला सांगायचं कुणी? शिवाय घरी थांबलं तर शेण काढायला लावाल. आम्ही शाळेच्या पायरीवर दप्तरं ठेवली आणि मजेत सागरगोटे खेळत बसलो. ऊन चढल्यावर तुम्ही शेळ्या घेऊन तिकडून चाललात, तर शाळेला कुलूप आणि आम्ही पायरीवर! तुमचं टाळकं सणकलं. मास्तर तेव्हा शाळेमागच्या खोलीतच राहायचे. तुम्ही दार ठोठावून हलवून सोडलंत.

"सूर्व्य डोक्यावर आला, लेकरं दारात ताटकळल्यात अन् तुमी झोपा काढताय व्हय?"

मास्तर बनियनवर, तोंडात ब्रश. म्हणाले, "अहो, आज रविवार आहे."

"मग?"

"रविवारी शाळा बंद असते."

"का? लेकरांनी काय केलं?"

मास्तरांनी तोंडातला ब्रश काढला आणि ते तुमच्याकडं बघत राहिले. तुमच्या मागं शेळ्या, शेळ्यांमागं आम्ही, हसू दाबून लाल झालेले. तुम्हाला कळायला वेळ लागला. मग तुमचा आवाज एकदम खाली आला. "ध्यानातच न्हाई आलं मास्तर," तुम्ही म्हणालात. "तोडीला रविवार नसतो."

वार तुम्हाला कळायचे ते बाजारावरून. पण आपण होऊन काम थांबवायचा एक वार असतो, हे तुमच्या हाताखालून कधी गेलंच नव्हतं. तुम्ही निघालात आणि परत मागं वळून मास्तरांना विचारलंत, "पन मग रविवारी मानसानं करायचं काय?" मास्तर म्हणाले, "आराम." तुम्ही मान हलवलीत, जसं काही एखाद्या औषधाचं नाव सांगितलंय.

वाटेत तुम्ही आम्हाला चुलीची शपथ घातलीत. ही गोष्ट काकूला सांगायची नाही. "आदीच ती मला चुलीवरनं हिनवती, ह्ये कळलं तर जगू द्यायची न्हाई." आम्ही शपथ पाळली, नाना. सगळ्यांनी पाळली.

त्यानंतर मात्र तुम्ही रविवार असा काही धरलात की विचारू नका. सकाळी सगळ्यांच्या डोक्यावर करडीचं तेल, चुलीवर पाण्याचा हंडा, दगडानं घासून आंघोळी, आणि मग भिंतीच्या उन्हाला ओळीनं बसवणं. हातात गूळ-शेंगदाणे. "बसा. आज बसायचं असतंया," तुम्ही दरडावून सांगायचात आणि स्वतःही शेजारी बसायचात. तुम्हाला काही ते जमायचं नाही. थोड्या वेळात चुळबुळ सुरू. "एवढं बसलं तर मानूस आजारी पडंल," म्हणत उठायचात आणि शेळीचं दावं तरी सोडून परत बांधायचात.

सुनीताचं काय झालं ते तुम्ही माझ्याशी कधी धड बोलला नाहीत. आम्ही सातवीत होतो. तिची आई फडात आजारी पडली आणि कोपीवर, म्हणजे फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, रांधायला, धाकट्यांना बघायला कुणी हवं म्हणून तिचा बाप मधेच येऊन तिला घेऊन गेला. तिनं जाताना पुस्तकं माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "मी आले की मला सगळं सांगशील." तिसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं कोपरगावला गेलात तिला आणायला. आलात ते एकटेच. त्या दिवशी भाकरी आम्ही पोरींनीच थापल्या. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतच तिचं लग्न झालं आणि तिच्या हातात कोयता आला. शाळा तीच, मास्तर तेच, भाकरी एकाच तव्यावरची. मी बारावी झाले, एसटीत कंडक्टर लागले, नेवाशाला खोली घेतली. सुनीता माझ्या बसला उभी राहते तेव्हा मी तिला आधी बसायला जागा करून देते आणि मग तिकिटं फाडायला लागते. दुसरं काय करू?

इथंच आपलं भांडण होतं ना, नाना? शाळेच्या भिंतीवर लिहिलंय, शिक्षणानं गरिबी हटते. मी ते मनापासून खरं मानायची, माझंच उदाहरण पुढं करायची. तुम्ही म्हणायचात, "भिंतीवर काय बी लिवत्यात. माझ्या दत्ताला इचार." दत्ता तुमचा पोरगा, बीए बीएड झाला, विनापगारी शाळेत मास्तरकी करून थकला, आणि आता टेम्पो चालवतो. काष्टीच्या बाजाराला शेळ्या नेतो. "मंगे, तू बारावीवर साहेबीन झालीस. ह्यो तुझ्याहून लई शिकला अन् बकऱ्या वाहतो. मग गरिबी शिक्षनानं गेली का नशिबानं?" मी म्हणायची, दत्ताला कुणी फसवत नाही, कागद वाचतो, पोरीला इंग्रजी शिकवतो, हे काय कमी आहे? तुम्ही म्हणायचात, कमी न्हाई, पन पुरत बी न्हाई. मी चिडायची. तुम्हाला चिडवायला मजा यायची हे मला कळत होतं, तरी चिडायची.

श्रावणात तुम्ही माझ्या बसमध्ये बसलात ते शेवटचं. पुढच्या सीटवर फेटा बांधून. चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतात, "ही माझी पुतनी. हिला म्या वाढीवलं, ह्या हातानं," आणि तोच न उचलणारा हात दाखवत होतात. मी लाजेनं अर्धी झाले होते आणि आनंदानं दुप्पट. तुम्हाला घंटीची दोरी ओढून बघायची होती. नियमात बसत नव्हतं, पण मी ओढू दिली. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं तर तुम्ही सरळ त्यालाच म्हणालात, "चला, पाव्हनं." मग माझ्याकडं वळून विचारलंत, "खरं सांग. तू शिकलीस म्हनून सुधारलीस, का कोनीतरी मागं थांबलं म्हनून शिकलीस?" तेवढ्यात फाटा आला, गर्दी चढली, आणि मी तिकिटं देत मागं गेले. परतले तोवर तुम्ही घोरत होतात.

भाद्रपदात तुम्ही झोपेतच गेलात. उत्तर राहिलं.

आता ते देते, कारण त्याची वेळ यंदा आलीच. सुनीताची आरती दहावीला आहे. आईसारखीच हुशार, आणि आईसारखीच बोलायला फटकळ. पहिलीपासून ती तुमच्या चुलीवर वाढली. तुमच्या तेराव्यानंतर सुनीता माझ्याकडं आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"मंगे, आरतीला संगं न्यावं लागंल."

"दहावी आहे गं तिची."

"मला न्हाई का ठाव? पन धाकट्याला कोन बघंल? नाना हुते तवा मी फडात बी निवांत झोपायचे." मग म्हणाली, "माझं झालं तसं तिचं व्हतंय बघ."

मी म्हटलं, आरतीला नेवाशाला माझ्याकडं आण. पण ऐन दहावीत शाळा कशी बदलणार, आणि मी डबल ड्युटीला गेले की ती एकटी. वसतिगृह मोठ्या गावात आहे म्हणतात, पण लहानग्यांना तिथं सोडायला आया धजेनात. प्रत्येक घरात हेच. कुणी म्हणालं, दत्ताला थांबवा, पण टेम्पो थांबला तर त्याचं घर थांबतं. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. नाना, त्या दिवसांत मला तुमचा खूप राग आला. एवढी वर्षं केलंत आणि तुमच्यामागं कुणाला तरी तयार करावं हे सुचलं नाही? मग माझंच मला हसू आलं, कारण आम्हीही कुठं तयार झालो? आम्ही सगळे ताटावर बसून राहिलो.

दिवाळी झाली. ट्रक आला. माझी सुट्टी होती म्हणून मी वस्तीवरच होते. भांडी, पत्रे, कोंबड्या वर चढत होत्या. आरती धाकट्या भावाला कडेवर घेऊन ट्रकपाशी उभी होती, आणि दप्तर पाठीला. ते दप्तर ती का घेऊन निघाली होती, ते विचारायची माझी छाती झाली नाही. शेवंताकाकूचं गाठोडं वर गेलं होतं, तिचा भाऊ फळीवरून हात देत होता. काकूनं एक पाय उचलला आणि तशीच थांबली. आरतीकडं बघितलं. पाय खाली घेतला.

"माझं गाठुडं टाक रं खाली," ती भावाला म्हणाली.

"काय झालं?"

"मी येत न्हाई. तुझ्या पोराला घे जोडीला."

मुकादम ओरडला, ऐन वेळी कोयता मोडता का म्हणून. सुतकामुळं काकूनं यंदा त्याच्याकडून आगाऊ पैशांची उचल घेतली नव्हती, त्यामुळं त्याला ओरडण्यापलीकडं काही करता येईना. काकू त्याच्याकडं पाठ करून घराकडं चालत गेली आणि कोयता वळचणीला खोचला. तिनं तो कधी तिथं ठेवलेला मी पाहिला नव्हता. पावसाळ्यातसुद्धा तो दाराआड हाताशी असायचा. मग बाहेर येऊन आरतीच्या कडेवरचं पोरगं घेतलं आणि म्हणाली, "जा, तुझ्या आयला सांग, बाजरीचं पोतं खाली टाक. अन् एक सांगून ठिवते, मला तुज्या नानासारखी भाकर येत न्हाई. त्यो बसून करायचा. मला उभ्यानं खायची सवं हाय." सुनीता ट्रकवरून बघत होती. नुसती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. नाना, मीही तिथं रस्त्यात उभी राहून रडले. आनंदानं रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच ना? तुम्ही जिंकलात. शाळेत शिकवायला मास्तर लागतो, पण शाळेत जायला मागं कुणीतरी थांबावं लागतं, आणि थांबण्याइतकी ऐपत ज्या घरात नाही तिथली सुनीता हुशार असून उपयोग नाही. हे मी मानलं. पण माझंही थोडं ऐका. शिकून मी श्रीमंत झाले नाही, नाना. खोली भाड्याची आहे, गुडघे आतापासूनच बोलतात. पण डेपोतल्या तक्त्यावर माझ्या नावापुढं आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली असते, आणि ती मागायला मला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. आपल्या घराण्यात ती पहिल्यांदा माझ्या वाट्याला आली. तुम्ही भिंतीच्या उन्हाला आम्हाला बळंच जे द्यायचात, तेच. म्हणून भिंतीवरचं अगदीच खोटं म्हणू नका.

परवा, ट्रक गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, नेमकी माझी सुट्टी आली. पहिल्या गाडीनं वस्तीवर गेले. फाट्यावर उतरून शाळेवरून चालले, तर पायरीवर पोरं बसलेली. अंगात गणवेश, पाठीला दप्तरं, शाळेला कुलूप! आरती पुस्तक उघडून बसली होती आणि बाकीची खडे खेळत होती. मी जागच्या जागी उभी राहिले.

"आरती, आज वार कोणता?"

"रविवार हाय मावशी," ती हसू दाबत म्हणाली. "आज्जीनं पाटंच उठवलं. भाकरी बी केल्त्या सगळ्या. काळ्या झाल्यात, पन लई केल्यात. मग कसं सांगायचं?"

तेवढ्यात बांधावरून काकू आली. पदर खोचलेला, चालणं फडातलं, झपाझप. लांबूनच ओरडली, "मास्तर आला न्हाई अजून? लावा त्याला फोन! लेकरं ताटकळल्यात अन् ह्यो झोपा काढतोय व्हय?"

शब्दाला शब्द, नाना. शेवटी मीच पुढं झाले. "काकू, आज रविवार आहे."

"मग?"

मला हसू आवरेना. पोरं तर पायरीवर लोळायला लागली. काकू आमच्याकडं बघत राहिली, मग कुलुपाकडं. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. पदर सोडून तोंड पुसलं आणि म्हणाली, "व्हय गं. तोडीला रविवार नसतो ना."

मी शपथ मोडली. तिथंच पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं, शेळ्या, मास्तरांचा ब्रश, "लेकरांनी काय केलं?", सगळं. तुम्ही गेल्यापासून ती हसली नव्हती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ठसक्यातून कधी रडू फुटलं ते आम्हाला कळलं नाही. "मला का न्हाई सांगितलं गं इतकी वर्सं?" ती म्हणाली. "मी काय त्याला खाल्लं असतं?" मग डोळे पुसून, अगदी तुमच्यासारखी, तिनं विचारलं, "पन मग आता करायचं काय?"

आम्ही घरी आलो. आरतीनं हंडा चढवला. मी वाटीत तेल घेतलं, भिंतीच्या उन्हाला पोतं अंथरलं आणि आधी काकूला बसवलं. तिचे केस उसाच्या पाल्यानं तासल्यासारखे राठ झालेत, तेल जिरता जिरेना. पोरं शेजारी ओळीनं गूळ-शेंगदाणे खात होती. थोड्या वेळात काकूची चुळबुळ सुरू झाली. शेळीचं दावं बघते म्हणाली आणि उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली दाबलं. "बस. आज बसायचं असतं."

बसली, नाना.